दोन कोड शेजारी-शेजारी बसवताना

आज एकच प्रश्न घेऊ. एखादं फंक्शन पायथनमध्ये लिहिलं आणि तेच सीमध्ये. दोन्ही शेजारी-शेजारी छापली तर शिकणाऱ्याची नजर एका ओळीवरून समोरच्या ओळीवर आडवी जाते. एकाखाली एक ठेवली आणि मध्येच पान उलटलं, की तुलना संपलीच म्हणा.

आता अडचण बघा. आम्ही टिपणं ईमॅक्सच्या ऑर्ग-मोडमध्ये लिहितो आणि तिथून पीडीएफ किंवा वेबपान काढतो. मूळ फाइल साधा मजकूर, वरून खाली वाहणारा. त्यात ‘शेजारी’ असं काही नसतंच. पुष्कळांना आधी तक्ता सुचतो. पण ऑर्गच्या तक्त्यातल्या एका घरात अनेक ओळींचा सोर्स ब्लॉक बसत नाही, तेव्हा तो नाद सोडा.

ऑर्गला अनोळखी नावाचा ब्लॉक दिला, की लाटेकमध्ये त्या नावाचं एन्व्हायर्नमेंट होतं आणि एचटीएमएलमध्ये त्या नावाचा डिव्ह. म्हणून ब्लॉकचं नाव ‘मिनिपेज’ ठेवायचं, रुंदी ओळीच्या ०.४८ पट सांगायची, आणि असे दोन ब्लॉक लिहून प्रत्येकात एकेक कोड घालायचा.

गंमत पुढेच आहे. दोन मिनिपेजच्या मध्ये रिकामी ओळ राहिली, तर लाटेक तिथे नवा परिच्छेद धरतं आणि दुसरा कोड खाली घसरतो. फाइल सुबक दिसावी म्हणून सोडलेली ओळच घात करते!

आणि जागा किती मिळते? लाटेकच्या नेहमीच्या १० पॉइंटच्या आर्टिकलमध्ये ओळ ३४५ पॉइंटची, टाइपरायटर वळणाचं अक्षर ५.२५ पॉइंटचं. हिशेब केला तर एका बाजूला जेमतेम ३१ अक्षरं. पायथनचं चार-चार जागांचं इंडेंट तीनदा आलं, की त्यातली १२ गेली. ओळ लांबली तर ती शेजारच्या कोडवर चढते; मोडू दिली तर ओळीसमोर ओळ राहत नाही, मग शेजारी ठेवून मिळवलं काय? अक्षर बारीक करण्यापेक्षा आम्ही उदाहरणच आखूड करतो. तसंही मिनिपेज दोन पानांत तुटत नाही.

वेबपानासाठी या दोघांभोवती आणखी एक ब्लॉक लागतो. लाटेकसाठी त्या नावाचं रिकामं एन्व्हायर्नमेंट आधी जाहीर करून ठेवायचं, नाहीतर पीडीएफ अडेल. सीएसएसमध्ये बाहेरच्या डिव्हला फ्लेक्स द्या, आणि आतल्या दोघांची किमान रुंदी शून्य करा. हे शेवटचं विसरलात, तर लांब ओळीचा कोड आकसत नाही, शेजाऱ्याला ढकलत राहतो. कोडला आडवा स्क्रोलही द्या. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मात्र दोघांना खुशाल एकाखाली एक येऊ द्यावं.