फोनच्या पलीकडचे माणूस

मन आजारी पडले की आपल्याकडे आधी 'लोक काय म्हणतील' आठवते, डॉक्टर नंतर. आता मोबाईलवर उपचार आले, मग माणूस हवाच कशाला, असे काही उत्साही मंडळी म्हणतात. गोव्याच्या 'संगत' या संस्थेचे (स्थापना १९९६) एक संस्थापक, मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांचे काम म्हणूनच पाहावे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा-आठ भेटींत बोलते केले, सुटलेली रोजची कामे पुन्हा हाती घ्यायला लावली, आणि तीव्र नैराश्याला उतार पडला. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे हीच पद्धत मध्य प्रदेशातील आशाताईंना स्मार्टफोनवरून शिकवली गेली. म्हणजे फोन शिकवणार, विचारपूस आशाताईच करणार!

सोलापूरच्या पूर्व भागात एका खोलीचे घर, मांडीवर विडीचे सूप, घरची भाषा तेलुगू आणि फोन मुलाच्या खिशात. 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चोवीस तास, अनेक भारतीय भाषांत चालतो, सोय मोठीच. पण सासू समोर बसलेली असताना बोलायचे कसे? विड्या जमा करायला ही बाई कारखान्यात जातेच. तिथल्या एका कोपऱ्यात आडोसा करून आशाताईला खुर्ची टाकून दिली तर?