एकादशी आणि दुप्पट खाशी

अमुक तारखेपासून गोड बंद, भात बंद, तळलेलें बंद, असा संकल्प आपल्यापैकीं पुष्कळांनीं केव्हां ना केव्हां केलेला असतो. पहिले आठ दिवस तो उत्साहानें पाळला जातो. नवव्या-दहाव्या दिवशीं कचेरींत कोणाच्या तरी बढतीचे पेढे येतात, एक पेढा पोटांत जातो, आणि त्या रात्रीं घरांत निजानीज झाल्यावर फडताळांतला लाडवांचा डबा उघडला जातो. एका लाडवावर हात थांबत नाहीं. मग मन खाऊं लागतें. ‘आपल्या अंगीं निग्रहच नाहीं’ असा निष्कर्ष निघतो, आणि दुसऱ्या दिवशीं शिक्षा म्हणून सकाळचें जेवणच वगळलें जातें. आपल्याकडे या प्रकाराला ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून हंसतात. परंतु या म्हणींत ज्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेविल्या आहेत, त्यांच्यांत कार्यकारणसंबंध आहे कीं काय, हा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आज मला तोच करावयाचा आहे.

या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक मोठा प्रयोग वजन घटविण्यासाठीं केलेलाच नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपांत लक्षावधि लोक उपासमारीनें खंगले होते. त्यांना पुन्हां कसें पोसावें हें शोधून काढण्यासाठीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानें १९४४ सालच्या नोव्हेंबरांत ३६ तरुणांवर प्रयोग आरंभिला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून ज्यांनीं शस्त्र धरण्यास नकार दिला होता असे हे स्वयंसेवक. शरीरानें निकोप आणि मनानें स्थिर असे पारखून घेतलेले. पहिले बारा आठवडे त्यांना दिवसास सुमारें ३,२०० उष्मांकांचा भरपूर आहार मिळाला. नंतर चोवीस आठवडे तो सरासरी १,५७० उष्मांकांवर आणला. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, असें साधें अन्न. शिवाय आठवड्यास २२ मैल चालणें. त्यांचें वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटलें. १,५७० हा आंकडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे, कारण वजन उतरविण्याचे जे तक्ते आज घरोघर फिरतात, त्यांतील कित्येकांत याहूनहि कमी आहार सांगितलेला असतो.

हा देहाचा वृत्तांत झाला. मनाचा अधिक चमत्कारिक आहे. हे तरुण पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत बसूं लागले. एकानें तर अशीं शंभराच्या घरांत पुस्तकें जमविलीं. जेवण लवकर संपूं नये म्हणून ते अन्नांत पाणी कालवीत, ताटावर तासन् तास रेंगाळत, आणि शेवटीं ताट चाटून पुसून ठेवीत. वाचन, वादविवाद, मैत्री, प्रणय या सर्वांतून मन उडालें. खिन्नता आणि चिडखोरपणा वाढला. कांहींनीं चोरून खाल्लें व मागून पश्चात्तापानें ते पोळले. अखेर बाहेर जातांना प्रत्येकाबरोबर एक सोबती असलाच पाहिजे असा नियम करावा लागला. १९४५ च्या जुलैअखेर उपासाचा काळ संपला आणि आहार वाढूं लागला, तरीहि पोट तट्ट भरून भूक भागत नाहीं अशी कित्येकांची तक्रार होती. सर्व निर्बंध उठल्यावर कांहीं जण दिवसाला पांच हजारांहून अधिक उष्मांक खाऊं लागले. गेलेलें वजन तर परत आलेंच, पण अंगावरील चरबी पूर्वींपेक्षां अधिक झाली.

हे तरुण सडपातळ होते, म्हणून स्थूल मनुष्याची स्थिति अगदीं तीच असते असें मी म्हणत नाहीं. परंतु त्यांच्या निग्रहाविषयीं शंका घेण्यास जागा नव्हती. अन्नाचें वेड त्यांच्या स्वभावांत नव्हतें. तें उपासानें आणलें.

याचें शारीरिक कारण पुढें उलगडत गेलें. १९९४ सालीं चरबीच्या पेशींतून रक्तांत जाणारा लेप्टिन नांवाचा स्राव सांपडला. चरबी घटली कीं तो उतरतो, आणि मेंदू भुकेची हांक देतो. मेलबर्न येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. दहा आठवड्यांच्या कडक आहारानें ज्यांचें वजन उतरलें होतें, त्यांच्या शरीरांतील भुकेशीं संबंधित असे अनेक स्राव वर्ष लोटलें तरी पूर्वपदावर आलेले नव्हते.

मात्र सारा भार स्रावांवर टाकून चालणार नाहीं. १९७५ सालीं हर्मन व मॅक यांनीं विद्यार्थिनींवर एक साधा प्रयोग केला. कांहींना आधीं मिल्कशेक पाजला, कांहींना दिला नाहीं, आणि मग चव पाहण्याच्या निमित्तानें सर्वांपुढें आइसक्रीम ठेविलें. ज्या मुली एरव्हीं खाण्यावर बंधन घालीत नसत, त्यांनीं मिल्कशेकनंतर आइसक्रीम कमी खाल्लें, आणि तें स्वाभाविकच होतें. ज्या नेहमीं वजनाच्या धाकांत जेवत, त्यांनीं मात्र मिल्कशेकनंतर उलट अधिक खाल्लें. व्रत मोडलेंच आहे, मग आज काय राखावयाचें, हा तो न्याय. कचेरींतला पेढा आणि रात्रींचा लाडवांचा डबा यांना जोडणारी सांखळी हीच.

येथें आपल्या एकादशीचें एक शहाणपण दिसतें. एकादशीला द्वादशी असते. दुसऱ्या दिवशीं पारणें करावयाचें हेंहि व्रताचेंच अंग, आणि तें जेवण कोणी लाजत जेवत नाहीं. आजकाल ज्याला ‘डाएट’ म्हणतात त्याला द्वादशी नाहीं. म्हणून त्यांत जेवणें हेंच पाप होऊन बसतें. मधुमेह्यानें साखर टाळणें ही गोष्ट निराळी. तें पथ्य आहे, आणि वैद्य सांगतील तसें पाळलेंच पाहिजे. पण पथ्य मोडलें म्हणून त्याला चारचौघांत लाजविल्यानें साखर उतरत नाहीं.

शिवाय आपल्या घरांत अन्न नुसतें अन्न कधींच नसतें. मूल रडलें कीं हातावर खाऊ ठेवतात. परीक्षेला निघालें कीं दहीं-साखर. लेक माहेरीं आली कीं तिच्या आवडीचें गोडधोड. आग्रहाची जिलबी पानांत पडते तेव्हां ‘नको’ म्हणणें हा जिलबीचा नव्हे, वाढणाऱ्याचा अव्हेर ठरतो. ज्या जिभेला लहानपणापासून सांत्वन आणि साखर एकत्र मिळालीं, तिनें मोठेपणीं अपमानांत वा एकटेपणांत तोच डबा शोधावा यांत नवल नाहीं. ही रीत मोडावी असें म्हणणारा मी नव्हे. प्रेम तोंडानें बोलून दाखविण्याची संवय आपल्याला मुळांतच कमी. अडचण होते ती दुसरें कोणतेंच सांत्वन उरलें नाहीं म्हणजे.

कांहींच्या बाबतींत हें चक्र रोगाच्या थराला जातें. अनावर खाणें आणि मग ओकून टाकणें किंवा जुलाबाचीं औषधें घेणें, या विकाराला १९७९ सालीं लंडनच्या जेरल्ड रसेल या मनोविकारतज्ज्ञांनीं ‘बुलिमिया नर्व्होसा’ हें नांव दिलें. तो लपविण्याचा विषय नव्हे, डॉक्टरांना दाखविण्याचा आहे. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनीं त्यावर जी उपचारपद्धति बसविली, तिचा प्रारंभ ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. रोग्यानें प्रथम खावयाचें, आणि ठरल्या वेळीं खावयाचें: तीन जेवणें, मध्यें दोन-तीनदां थोडा फराळ, आणि दोन खाण्यांत सहसा चार तासांहून अधिक अंतर नाहीं. भूक अनावर होण्याच्या आधींच तिला घांस द्यावयाचा.

हें वेळापत्रक वाचलें कीं मला आपल्याकडची गृहिणी आठवते. सकाळीं तिचें चहावर भागतें. दुपारीं सर्वांचीं जेवणें उरकेपर्यंत दोन वाजतात. मधल्या वेळांत चव पाहण्यासाठीं म्हणून, मुलानें पानांत टाकलेलें वायां जाऊं नये म्हणून, उभ्याउभ्या चार घांस पोटांत जातात, आणि ते जेवणांत धरलेच जात नाहींत. मग ती म्हणते, ‘मी तर कांहींच खात नाहीं, तरी वजन वाढतेंच आहे’, आणि घरांतलीं माणसें हंसतात. तिच्या हातीं उष्मांकांचा तक्ता देण्यापूर्वीं तिचें पान सर्वांबरोबर, वेळेवर मांडून पाहावें, आणि त्या दिवशीं वाढण्याचें काम दुसऱ्या कोणीतरी करावें.