विकिपीडियाचे पान कसे शोधावे, कसे पारखावे ?



लागणीचा हंगाम जवळ आला की शेती विभागाकडे बेण्याविषयी विचारणा सुरू होते. पूर्वी सभासद विचारीत, “शेजारच्या गावात अमुक जात लावलीय, कशी आहे ती ?” आता विचारतात, “साहेब, मोबाईलवर असं लिहिलंय, खरं आहे का ?” कुठे लिहिलंय म्हणावे, तर पुष्कळदा उत्तर येते, “विकिपीडियावर.” माहिती शोधून वाचण्याची ही सवय चांगलीच आहे. परंतु आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो, त्यावर खोडवा धरला की आणखी वर्षभर. म्हणजे बेण्याची निवड चुकली तर अडीच वर्षे ती रानात दिसत राहते. म्हणून विकिपीडियाच्या पानावर कोठे काय असते आणि ते कसे तपासावे, हे येथे थोडक्यात देत आहोत.

विकी म्हणजे काय ?

‘विकी’ हा हवाई बेटांच्या भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ ‘झटपट’ असा आहे. वाचणाऱ्याला स्वतःच पान दुरुस्त करता येईल अशी पहिली सोय अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली सुरू केली. त्याच पद्धतीवर १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला.

आपल्याकडे वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश नेमलेल्या जाणकारांनी लिहिला, तपासला आणि मग छापला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. विकिपीडियाचे तसे नाही. तेथे तुम्ही-आम्ही, कोणीही लिहितो आणि कोणीही दुरुस्त करतो. एका परीने हे सहकाराचेच काम आहे. पण सहकारात सभासदाने हिशेब पाहिला नाही तर काय होते, हे आपणांस सांगावयास नको.

पान शोधताना

१) वरच्या शोधाच्या चौकटीत शब्द लिहावा. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडला तर पान सापडेनासे होते. ‘उस’ लिहून काही मिळाले नाही, तर ‘ऊस’ लिहून पाहावे.

२) लेखातील निळा शब्द म्हणजे त्या विषयाचे वेगळे पान आहे, बोट ठेवले की ते उघडते. लाल शब्द म्हणजे ते पान अजून कोणी लिहिलेलेच नाही.

३) संगणकावर पानाच्या तळाशी ‘वर्ग’ दिसतो. एका विषयाची पाने तेथे एकत्र लावलेली असतात.

४) भाषा बदलण्याची खूण असते. मराठी पान चार ओळींचे आणि इंग्रजी पान चांगले लांबलचक, असे नेहमी घडते. ही पाने एकमेकांची भाषांतरे नसतात, त्यामुळे आकड्यांत फरक दिसू शकतो. जमेल त्याने दोन्ही पाहावीत.

पान पारखताना

जमीन घेताना आपण नुसता सातबारा पाहून इसार देत नाही. गाव नमुना सहा काढतो, कोणता फेरफार केव्हा झाला ते पाहतो. विकीच्या पानालाही असा फेरफार आहे. त्याचे नाव ‘इतिहास’. संगणकावर तो पानाच्या माथ्याशी असतो. मोबाईलवर पानाच्या तळाशी शेवटचा बदल केव्हा झाला ती ओळ असते, तिच्यावर बोट ठेवावे. कोणत्या तारखेला कोणत्या नावाने काय बदलले, हे तेथे ओळीने मिळते. जुने पानही सहसा जात नाही, त्या तारखेवर गेले की जसे होते तसे दिसते. एखादा आकडा कालपरवाच कोणी बदललेला असेल, तर तेथेच सावध व्हावे.

दुसरी जागा ‘चर्चा’. लेखातील मजकुराविषयी कोणाची हरकत असेल तर ती येथे मांडतात. सर्व विकिपीडियाच्या कारभाराची चर्चा जेथे चालते, त्या पानाला मराठीत ‘चावडी’ असेच नाव दिले आहे !

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची जागा ‘संदर्भ’. वाक्याच्या शेवटी कंसात बारीक आकडा असतो. तो आपल्या काट्याच्या पावतीसारखा समजावा. त्यावर बोट ठेवले की ही माहिती कोठून घेतली ते कळते. जेथे ‘संदर्भ हवा’ असे लिहिले आहे, तेथे पावती नाही असे समजून पुढे जावे.

उदाहरण घेऊ. को. ८६०३२ ही जात पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने १९९६ साली लागवडीस दिली. को. ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून ती निघाली. अशी माहिती वाचताना खालचा संदर्भ विद्यापीठाचा किंवा संशोधन केंद्राचा असेल तर ती धरण्याजोगी. पण ‘एकरी इतके टन हमखास’ असे लिहून खाली एखाद्या रोपवाटिकेची जाहिरात जोडली असेल, तर तो संदर्भ नव्हे, ती विक्री आहे.

आपणांस लिहावयाचे असेल तर

‘संपादन’ दाबून कोणीही लिहू शकतो. हात बसेपर्यंत ‘धूळपाटी’ नावाच्या पानावर सराव करावा, तेथे चुकले तरी बिघडत नाही. मात्र ‘माझ्या रानात एवढा उतारा पडला’ हा अनुभव खरा असला तरी तेथे चालत नाही. अन्यत्र छापून प्रसिद्ध झालेलीच माहिती, संदर्भासह द्यावी लागते. स्वतःची किंवा आपल्या संस्थेची वाहवाही तेथे करू नये. आपल्या गावाच्या पानावर नदी, तालुका किंवा पिके चुकीची लिहिली असतील, तर गावातील शिकलेल्या मुला-मुलींनी ती जरूर दुरुस्त करावीत.

एवढे करूनही एक पथ्य पाळावे. ऊस हे पीक काय आहे, हुमणी कशी वाढते, साखर कशी तयार होते, हे समजून घेण्यास विकिपीडिया उपयोगी आहे. परंतु खताची मात्रा, औषधाचे प्रमाण आणि बेण्याची निवड या तीन गोष्टी तेथे वाचून ठरवू नयेत. त्या जमीन, पाणी आणि लागणीचा महिना पाहून ठरतात, आणि तुमचे रान त्या पानाने पाहिलेले नाही.

तरी सभासदांनी मोबाईलवर वाचलेली माहिती तिच्या संदर्भासह आपल्या गट कार्यालयात दाखवावी. बेणे तोडण्यापूर्वी दाखवावी, लागण झाल्यावर नव्हे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग