‘आर’मध्ये तारीख आपल्या पद्धतीने कशी दाखवायची?

लोहगडवाडीत मामांच्या अंगणात आम्ही रोज सकाळी 8:30 ला पाऊस मोजतो. हवामान खात्याचीही हीच वेळ. वहीतल्या नोंदी मी मोबाईलवरून ‘आर’मध्ये टाकल्या, तर 12/07/2024 चं झालं 0012-07-20! मामा म्हणाले, “इसवी सन बारात कोण मोजत होतं रं पाऊस?”

झालं असं, की साचा न दिल्यास ‘आर’ आधी वर्ष, मग महिना, मग दिवस वाचतो. 2024 मधले 20 त्याने दिवस धरले, उरलेले 24 सोडून दिले. म्हणून ‘ॲज डॉट डेट’ला साचा द्यायचा: टक्का-डी, टक्का-एम, टक्का-वाय, मध्ये तिरक्या रेघा. वाय मोठा हवा, लहान वाय दोनच अंक घेतो. एम मात्र लहानच. मोठा एम म्हणजे मिनिटं. (मी इथे दोनदा आपटलोय.)

दाखवताना हाच साचा ‘फॉरमॅट’ला द्या. पण त्यातून निघतो नुसता मजकूर. तो क्रमाने लावला, की 01/08 हा 12/07 च्या आधी बसतो आणि ऑगस्टचा पाऊस जुलैच्या आधी पडतो! त्यामुळे मूळ तारखेचा रकाना तसाच ठेवा.

ऑनलाइन सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असेल तर आपले 8:30 तिथे 3:00 दिसतात. तेव्हा ‘फॉरमॅट’मध्ये टीझेड म्हणून ‘एशिया/कोलकाता’ लिहा.