छपराला फेस किती लागेल?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने छपराचे गणित मांडावे, याची आमच्या काही प्राध्यापकांना गंमत वाटेल. परंतु आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे लाइटबिलापासून रेशनकार्डापर्यंत जे जे कागदावर असते, ते ते माझ्यापुढे येते. गेल्या उन्हाळ्यात त्यात एका ठेकेदाराच्या अंदाजपत्रकाची भर पडली. ‘पत्र्याला आतून पीयू फोम, १८० फूट’ एवढेच त्यावर लिहिलेले, आणि खाली रक्कम. रक्कम वडिलांच्या दोन महिन्यांच्या मजुरीएवढी होती.

मुकुंदवाडीतील आमची पुढची खोली १२ फूट बाय १५ फूट, वर नालीदार पत्रा. आई तिथेच शिलाई मशीन चालवते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी बारापासून चारपर्यंत पत्र्याखाली बसवत नाही. मशीन बंद, म्हणजे तेवढी कमाईही बंद. म्हणून हा फोमचा विचार.

हा फोम म्हणजे दोन द्रव पदार्थ. ते बंदुकीसारख्या नळीच्या तोंडाशी एकत्र येतात, पत्र्यावर उडतात आणि काही सेकंदांत पंचवीस-तीस पट फुगून घट्ट होतात. उष्णता अडते ती त्याच्या बारीक पोकळ्यांत कोंडलेल्या वायूमुळे. कोंडलेल्या हवेचा हा गुण आपल्या भागाला नवा नाही. वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेण्यातील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्यातील एक संशोधक तेव्हा आपल्याच विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात होते. अशा तंतूंच्या आतही हवा कोंडलेली असते.

आता मापाकडे वळू. फोम मोजायचे एकक म्हणजे एक चौरस फुटावर एक इंच जाडीचा थर. त्याला बोर्ड फूट म्हणतात. क्षेत्रफळाला इंचातल्या जाडीने गुणले की काम झाले. म्हणजेच जाडी लिहिलेली नसेल, तर १८० फूट या आकड्याला काही अर्थ नाही. अर्धा इंच मारला तरी १८० फूट, दोन इंच मारला तरी १८० फूटच! सदर कागदात नेमकी जाडीच गायब होती.

क्षेत्रफळही वाटते तितके सरळ नाही. पत्र्याचा ढाळ फारसा जमेस धरावा लागत नाही. १२ फुटांत दीड फूट उतार असला तरी लांबी जेमतेम इंचभर वाढते. खरा फरक पडतो तो नाल्यांमुळे. मी आईकडून दोरा घेतला आणि स्टुलावर चढून तो पत्र्याच्या खाचाखाचांतून बसवत नेला. सरळ एक फूट रुंदीला दोरा पावणेचौदा इंचांच्या आसपास लागला. म्हणजे शंभरी चौदाची वाढ. १८० चौरस फुटांचे झाले २०५.

एका बोर्ड फुटात सुमारे २.३६ लिटर फेस मावतो. २०५ चौरस फुटांवर एक इंच म्हणजे ४८४ लिटर. छपरासाठीचा घट्ट फोम घनमीटरला साधारण ४० किलो भरतो. त्या हिशेबाने साडेएकोणीस किलो माल. उडून जाणारा, सांडणारा, कडेला वाया जाणारा शेकडा पंधरा धरला, तर बावीस किलो. दुकानात मिळणारे ७५० मिलिलिटरचे फोमचे डबे वापरू, असे माझ्या एका मित्राने सुचवले. एका डब्यातून ३० लिटर फेस निघेल असे धरले, तरी सोळा-सतरा डबे लागतील! ते डबे खिडकीच्या फटी बुजवायलाच बरे.

जाडी किती घ्यावी, यातही मेख आहे. ढोबळमानाने, उघड्या पत्र्यातून जी उष्णता आत येते, तिचे सहापैकी पाच हिस्से पहिला इंचच अडवतो. दुसरा इंच उरलेल्या एका हिश्श्यातला जवळजवळ निम्मा अडवतो. पैसे मात्र दोन्ही इंचांना सारखेच. आमच्यासारख्यांनी पहिल्या इंचावर थांबावे, असे माझे मत आहे. शीतगृहाची गोष्ट निराळी.

हे सारे ऐकून आजोबा म्हणाले, “आमी खणावर मोजायचो.” गावाकडे आमचे माळवदाचे घर होते. तुळया, कड्या, किलच्या, त्यावर पाला आणि वर पांढरी माती. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण, आणि खणाला किती गाड्या माती हे त्यांना तोंडपाठ. माती चोपल्यावर दबते, म्हणून दर चार गाड्यांना ते पाचवी जास्त धरीत. फोमचे उलटे, तो फुगतो. पण दोन्हीकडे हिशेब धरायचा तो शेवटी छपरावर राहणाऱ्या थराचाच.

मी सहज आमच्या खोलीवर नऊ इंच माती मांडून पाहिली. १३५ घनफूट, वजन सुमारे सहा टन! तिकडे फोम वीस किलोंच्या आतबाहेर. माळवद दिवसभर ऊन पिऊन घर थंड ठेवते, हे खरे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जी हजारो माणसे गेली, त्यांतील कितीतरी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि अशीच जड छपरे अंगावर येऊन गेली. हे आठवले की पत्र्याला नुसती नावे ठेवता येत नाहीत.

फोमचे दोषही सांगितले पाहिजेत. तो पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. म्हणून तो उघडा न ठेवता खाली जिप्सम बोर्डासारखे न जळणारे आच्छादन हवे, आणि त्याचा खर्च वेगळा. मारताना उडणारे तुषार फुप्फुसांना घातक असतात; कारागिराला योग्य मुखवटा हवा आणि घरच्यांनी त्या दिवशी बाहेर राहावे. मागच्या स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आहे, त्यामुळे तिथे फोम नको असे ठरले. त्या पत्र्याला वरून वडिलांनी आणि मी एका रविवारी चुन्याचे दोन हात दिले. चुना ऊन परतवतो आणि स्वस्त पडतो. फक्त पावसाने धुऊन जातो, म्हणून दरवर्षी लावावा लागतो.

ठेकेदाराला कागद परत पाठवला. नव्या कागदावर त्याने क्षेत्रफळ, एक इंच जाडी आणि खालच्या बोर्डाचा खर्च, तिन्ही वेगवेगळे लिहून दिले. वडिलांनी त्याखाली मला आणखी एक ओळ लिहायला लावली : फोम वाळल्यावर दहा ठिकाणी सुई टोचून जाडी मोजायची, नालीच्या माथ्यावरही आणि खाचेतही, आणि मगच बोर्ड लावायचा व उरलेले पैसे द्यायचे.