पिल्लाच्या गळ्यातला पट्टा आणि परभणीचे ऊन

परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. नेमक्या याच दिवसांत शाळांना सुटी लागते, मुलांच्या हट्टापायी घरात कुत्र्याचे पिल्लू येते आणि सायंकाळी पाच वाजताच त्याला पट्टा बांधून फिरवायला नेले जाते. ऊन कललेले असले, तरी दिवसभर तापलेला डांबरी रस्ता तोवर निवलेला नसतो.

ऊन आणि पट्टा हे दोन वेगळे विषय नाहीत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांना येतो आणि त्याने शरीर फारसे थंड होत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे, त्यातून तोंडातील व श्वासमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन होऊन उष्णता बाहेर पडणे, हाच त्याचा मुख्य उपाय. पुढे ओढ घेणाऱ्या पिल्लाच्या श्वासनलिकेवर पट्ट्याचा दाब आला, की हा उपायच तोकडा पडतो. तोंड घट्ट बांधणारी मुसकी तर उन्हात त्याहून घातक.

त्यामुळे ओढले की आवळणारी साखळी पिल्लासाठी वर्ज्यच मानावी. हलका, सपाट, बक्कल असलेला कापडी किंवा मऊ चामडी पट्टा घरात पुरेसा आहे. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज जावीत. पिल्लू झपाट्याने वाढते. आज बरोबर बसलेला पट्टा काही आठवड्यांत मानेत रुतू लागतो. केसांखाली झालेली जखम वरून दिसत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा बोटे घालून पाहिलेच पाहिजे. फिरायला नेताना छातीभोवती बसणारा हार्नेस अधिक सुरक्षित. २००३ मधील हचच्या जाहिरातीमुळे घराघरांत पोहोचलेल्या पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर तो आवश्यकच, कारण त्यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो.

मराठवाड्यात कारवानी कुत्र्यांचा शौक जुना आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव त्यांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. या कुत्र्यांचे डोके निमुळते असल्याने साधा पट्टा मानेवरून सटकतो. त्यांना रुंद पट्टा लागतो. देशी जात आहे, ऊन सोसेल, असे समजून तिच्या पिल्लांना मोटारसायकलमागे पळवण्याचा मोह मात्र आवरावा. हाडांच्या टोकांजवळची वाढ चालू असते आणि मोठ्या जातींत ती वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालते. पिल्लाने मनाने खेळावे, थकले की बसावे, एवढाच व्यायाम पुरे.

मे महिन्यात येथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. फिरण्याची वेळ त्याच्या आसपासची, नाही तर अंधार पडल्यानंतरची. निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल, तर त्याच्या कोवळ्या तळव्यांनाही सोसणार नाही. नांगरून पडलेले काळे रानही दुपारी तापते, तेव्हा रस्ता सोडून शेतात उतरणे हा पर्याय नव्हे. पाण्याची बाटली व वाटी सोबत हवी. लसीकरण पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री फिरतात ती मैदाने टाळावीत, कारण पार्व्हो रोगाचे विषाणू मातीत दीर्घकाळ तग धरतात. तोवर अंगण, गच्चीची सावली किंवा दुपारी घरातला दोरीचा खेळ आहेच.

कुत्र्याचे सामान्य तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०४ च्या पुढे गेले, की धोका सुरू होतो. थांबता न थांबणारी धाप, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी ही लक्षणे दिसताच पट्टा काढून पिल्लाला सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतत राहावे आणि पंख्याखाली ठेवावे. ओला टॉवेल अंगाभोवती गुंडाळून ठेवू नये. तो लवकरच गरम होऊन उष्णता अडवतो. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नये. आधी थंड करावे आणि मग विनाविलंब पशुवैद्यकाकडे न्यावे. परभणी शहरात शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पिल्लू घरी आणले त्याच दिवशी तेथील किंवा जवळच्या पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. वाटेत गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पाणी मारणे चालू ठेवावे. पिल्लू सावरल्यासारखे दिसले, तरी तपासणी टाळू नये. मूत्रपिंडांना झालेली इजा काही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते.