थंडी आत, पंखा बाहेर

मे महिन्यातली रात्र आहे. मुलुंड पूर्वेची एखादी जुनी सोसायटी घ्या, नाहीतर पश्चिमेला योगी हिलच्या बाजूचा उंच टॉवर घ्या. इमारतीची पुढची बाजू नटलेली असते. आपण मागे जाऊ, जिथे डक्टमधून सांडपाण्याचे पाइप उतरतात तिथे. एकावर एक टांगलेल्या पांढऱ्या पेट्या, आणि प्रत्येक पेटीत एक पंखा गरगरतोय. घरात सगळे गाढ झोपलेत. आतल्या एसीचा आवाजसुद्धा येत नाही. बाहेरचा पंखा मात्र घुर्रर्र, घुर्रर्र. थांबायचं नावच नाही! अशा वेळी कुणाची तरी आजी हमखास विचारते, "अरे, हा पंखा गल्लीला कशाला वारा घालतोय? आणि त्याचं बिल कोण भरतंय?"

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. चांगले शिकलेसवरलेले लोकही त्याचं उत्तर देताना अडखळतात. बहुतेकांना वाटतं, बाहेरचा पंखा एसीच्या मशीनला थंड ठेवत असेल, जसा कॉम्प्युटरमध्ये एक छोटा पंखा असतो तसा. अर्धंच बरोबर आहे ते.

आधी एक तपासणी करा. बाहेरची पेटी गॅलरीत असेल आणि घरातलं मोठं माणूस शेजारी उभं असेल, तरच करा. पंख्यासमोर हातभर अंतरावर तळहात धरा. (जाळीत बोट घालायचं नाही. कठड्यावरून वाकायचं तर मुळीच नाही.) गरम झोत लागला ना? बाहेरच्या हवेपेक्षा गरम. ही उष्णता आली कुठून? तुमच्याच खोलीतून. भिंतींमधून झिरपलेली, पंख्याच्या मोटरीची, टीव्हीची, दिव्याची, आणि तुम्हा सगळ्यांच्या अंगाची. शांत बसलेलं माणूससुद्धा साधारण १०० वॉटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकत असतं.

तेव्हा गंमत अशी की एसी थंडी तयार करतच नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि खिडकीबाहेर नेऊन टाकतो. उचलायचं काम आतल्या पेटीचं, टाकायचं काम बाहेरच्या पंख्याचं.

पण थांबा, इथे एक अडचण आहे. उष्णता आपणहून गरम जागेकडून थंड जागेकडे जाते, उलटी जात नाही. खोलीत २५ अंश, बाहेर ३४. मग आतली उष्णता बाहेर जाईलच कशी? उलट बाहेरचीच आत घुसायला बघणार. तिला चढावर चढवायचं तर काहीतरी युक्ती हवी, आणि ही युक्ती तांब्याच्या नळीत फिरणारा गॅस करतो.

हल्लीच्या बऱ्याच एसींमध्ये आर-३२ नावाचा गॅस असतो. पाणी १०० अंशांना उकळतं, हा पठ्ठ्या मोकळ्या हवेत उणे ५२ अंशांनाच उकळतो! नळीतला दाब कमीजास्त करून तो कोणत्या तापमानाला उकळेल हे ठरवता येतं. आतल्या पेटीत तो द्रवरूपात शिरतो आणि दहाएक अंशांना उकळायला लागतो. उकळायला उष्णता लागते. ती तो कुठून घेणार? खोलीच्या हवेतून. हवा गार होते आणि उष्णता पोटात घेऊन गॅस बाहेरच्या पेटीकडे निघतो.

तिथे कॉम्प्रेसर वाट बघत असतो. तो गॅसला दाबतो, मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दहापट दाबाने. सायकलमध्ये जोरजोरात हवा भरून पंपाचं खालचं टोक हाताला लावून बघितलंय कधी? चांगलं तापलेलं असतं, कारण दाबलेला वायू गरम होतो. आपला गॅसही असाच कडकडीत तापतो, बाहेरच्या ३४ अंशांच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. आता बाहेरची हवा त्याच्यापुढे थंड ठरली! म्हणजे उष्णता आपल्या स्वभावाप्रमाणे गॅसमधून बाहेर पडायला मोकळी.

आणि इथे आपला पंखा कामाला येतो. बाहेरच्या पेटीच्या मागच्या बाजूला दाटीवाटीने बसवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे दिसतात. त्यांच्यामधून गरम गॅसची नळी वळसे घेत जाते. मेकॅनिक तिला नुसतं 'कॉइल' म्हणतात. पंखा मागून हवा ओढतो, ती या पत्र्यांमधून जाते, तापते आणि पुढून बाहेर फेकली जाते. पंखा नसता तर पत्र्यांमध्ये अडकलेली हवा क्षणात तापली असती आणि तिने आणखी उष्णता घ्यायला नकार दिला असता. मग गॅस गरमच राहणार, दाब वाढत जाणार, आणि शेवटी कॉम्प्रेसर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडणार. म्हणून कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत पंख्याला बसायला सवड नाही.

बाहेर टाकायची उष्णता काही थोडीथोडकी नसते. दीड टनाचा एसी जोरात चालतो तेव्हा खोलीतून पाच किलोवॉटच्या आसपास उष्णता उचलतो, आणि त्यासाठी दीडेक किलोवॉट वीज खातो. त्या विजेचीही शेवटी उष्णताच होते आणि तीही बाहेर जाते. बेरीज साडेसहा किलोवॉट. साडेसहा इस्त्र्या एकदम तापत ठेवल्यासारखं! आजीचं अगदी खरं आहे, बिलातली वीजसुद्धा गल्लीतच जाते.

दीड टन म्हणजे एसीचं वजन नव्हे बरं का. तेवढं वजन भिंतीवर टांगलं तर भिंतच खाली येईल. हा टन बर्फाचा आहे. गार करण्याची यंत्रं नव्हती तेव्हा मुंबईत बर्फ जहाजाने यायचा, आणि तोही कुठून? अमेरिकेतल्या बॉस्टनहून! तिथल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापायचा, लाकडाच्या भुश्शात गुंडाळायचा आणि अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आणायचा. १८३४ च्या सुमारास असा बर्फ मुंबईत पोहोचला. पुढे गार करणारी यंत्रं आली, तेव्हा त्यांची ताकद मोजायला लोकांनी हाताशी असलेलं मापच वापरलं: एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ, २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढा 'एक टन'. तुमचा दीड टनाचा एसी दिवसभर पूर्ण जोरात चालला तर १,३६० किलो बर्फाचं काम करतो. मुलुंडच्या वन बीएचकेमध्ये एवढा बर्फ ठेवायचा कुठे हा प्रश्नच आहे.

आगगाडीत मात्र जागा सापडली होती. मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ मध्ये गारेगार डबा जोडला गेला. त्यात ना गॅस, ना कॉम्प्रेसर. डब्याच्या खाली बर्फाच्या लाद्या, त्यांच्यावरून पंख्याने हवा आत सोडायची, आणि वाटेत ठरावीक स्टेशनांवर नवीन लाद्या भरायच्या. या डब्याला उष्णता बाहेर फेकणारा पंखा लागत नव्हता. प्रवाशांची उष्णता बर्फात शिरायची, आणि बर्फाचं पाणी झालं की तिचा निकाल लागला. आपल्या एसीत मात्र तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरवायचा असतो. त्याच्या पोटातली उष्णता दर फेरीला रिकामी करावीच लागते.

हे सगळं पटलं, तरी "सतत का?" हे उरतंच. खोली एकदा गार झाली की काम संपलं ना?

ते तुमचा एसी कोणत्या जातीचा आहे त्यावर आहे. खिडकीत बसवायचा जुना एसी पाहिलाय? मला तो फार आवडतो. त्याच्या पोटात पंख्यांसाठी एकच मोटर असते आणि तिच्या दांड्याला दोन टोकं. आतल्या टोकाला खोलीत हवा सोडणारा ब्लोअर, बाहेरच्या टोकाला बाहेरचा पंखा. खोली गार झाली की कॉम्प्रेसर 'कट' होतो, पण ब्लोअर खोलीतली हवा खेळवत राहतो. आणि ब्लोअर फिरला की त्याच दांड्यावरचा बाहेरचा पंखा फिरणारच, त्याला काम असो वा नसो. अशा बऱ्याच एसींत बाहेरच्या पंख्याच्या कडेला एक गोल कडं असतं. ते तळाशी साठलेल्या पाण्यात (हे पाणी कुठून येतं ते पुढे येईलच) बुडतं आणि पाणी उडवून गरम कॉइलवर मारतं. पावसाळ्यात खिडकीतून छप-छप आवाज येतो ना, तो त्याचा. फुकटचं गार पाणी वाया का घालवा?

दोन पेट्यांच्या जुन्या स्प्लिट एसीत बाहेरचा पंखा कॉम्प्रेसरबरोबर सुरू होतो आणि सहसा त्याच्याबरोबरच थांबतो. नवीन इन्व्हर्टर एसीचं वागणं वेगळं. त्याचा कॉम्प्रेसर खोली गार झाली तरी शक्यतो बंद होत नाही, फक्त वेग कमी करतो. भिंतींमधून जेवढी उष्णता आत येत राहते, तेवढीच तो हळूहळू काढत राहतो. म्हणून त्याचा पंखाही रात्रभर, पण सावकाश फिरतो. पुन्हा पुन्हा बंद करून सुरू करण्यापेक्षा यात वीज कमी जाते. तेव्हा आजीला सांगा, हा पंखा सतत फिरतोय म्हणजे बिघडलाय असं नाही.

मुलुंडच्या पंख्यावर आणखी एक ओझं असतं, दमट हवेचं. पूर्वेला मिठागरं आणि त्यापलीकडे खाडी. अंगाला चिकटणारा हा दमटपणा म्हणजे हवेतली पाण्याची वाफ. ती आतल्या पेटीतल्या गार कॉइलवर जमते, तिचं पाणी होतं आणि पाइपमधून थेंबथेंब खाली पडतं (आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंशी भांडण होतं). वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, आणि तीही भरपूर. एक लिटर पाणी जमताना जेवढी उष्णता सुटते, तेवढ्या उष्णतेत आठेक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत जाईल! ही सगळी उष्णताही बाहेरच्या पंख्यालाच फेकायची असते. म्हणून इथे पारा ३३ वरच असला तरी एसी धापा टाकतो.

त्यात कुणी रिमोट १८ वर नेऊन ठेवतं. बाहेर ३४ आणि आत २४, तर फरक १० अंशांचा. आत १८ केलं की फरक १६ चा. भिंतींमधून आत येणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. एसी तिथपर्यंत पोहोचतच नाही आणि पंखा थांबतच नाही. १८ वर एसी लावून वर गोधडी घेणारी माणसं मला कधीच कळली नाहीत. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे घरगुती एसी मुळातच २४ अंशांवर लावलेले असावेत असा नियम आहे, तो याचसाठी.

पंखा दमण्याची खास मुंबईची कारणंही आहेत. शेजारी नवं बांधकाम चालू असेल तर धूळ कॉइलच्या पत्र्यांमध्ये जाऊन बसते. पेटीच्या मागच्या फटीत कबुतरं काड्या आणून घरटं करतात. हवा आत यायलाच जागा उरत नाही. आणि अरुंद डक्टमध्ये तर गंमतच: तिसऱ्या मजल्याने फेकलेली गरम हवा वर चढते आणि चौथ्या मजल्याचा पंखा तीच ओढून घेतो, पाचवा त्याची ओढतो. सगळ्यात वरच्याची दया येते. सर्व्हिसिंगवाले दादा पाण्याच्या पंपाने कॉइल धुतात तेव्हा खाली पडणारं काळं पाणी एकदा लांबून बघा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रिमोटने एसी बंद केल्यावर बाहेरचा पंखा मिनिटभर फिरला तर चालतं. काही एसी उरलेली उष्णता तशी काढून टाकतात. पण स्प्लिट एसी बंद करून तासभर झाला, तरी पंखा फिरतोच आहे? मग बहुतेक त्याला वीज पोहोचवणारं बटण, म्हणजे आतला रिले, चिकटून बसलाय. मोठ्यांना सांगून एमसीबी खाली करायचा आणि मेकॅनिकला बोलवायचं.

आता तुमच्यासाठी एक कोडं. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर डिसेंबर २०२० पासून एसी लोकल धावते. तिचा एसी डब्याच्या छतावर असतो, त्यामुळे खालून दिसत नाही, पण मुलुंड स्टेशनच्या पुलावरून वाकून न बघताही छत नीट दिसतं. गाडी आली की उष्णता फेकायची जागा शोधा. डब्यात दोन-तीनशे माणसं, प्रत्येक जण १०० वॉटचा. आणि नाहूरला, भांडुपला, प्रत्येक स्टेशनला दारं सताड उघडणार, दमट हवा आत घुसणार. ठाण्यापासून सीएसएमटीपर्यंत तिच्या पंख्यांना किती वेळा थांबायला मिळत असेल? उत्तर कारणांसकट लिहून पाठवा.